ज्या शहरात मुक्कामाला मनाई, त्याच शहरात सरन्यायाधीश

दक्षिण आफ्रिकेच्या मध्यभागी ब्लूमफॉन्टेन नावाचे शहर आहे. देशाचे अपील न्यायालय या शहरात भरते. वर्णभेदाच्या काळात हे शहर ऑरेंज फ्री स्टेट प्रांतात होते आणि त्या प्रांतात भारतीय वंशाच्या माणसाला राहायला बंदी होती. ही बंदी एकोणिसाव्या शतकात आली आणि 1980 च्या दशकापर्यंत टिकली. कामानिमित्त तिथे जाता येई, पण परवान्याशिवाय रात्र काढता येत नसे.

या न्यायालयात जोहान्सबर्गहून एक वकील येत असत. अंतर सुमारे 400 किलोमीटर. दिवसभर ते देशातील सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशांपुढे युक्तिवाद करत आणि संध्याकाळ झाली की कागदपत्रे आवरून प्रांताची हद्द ओलांडत. दुसऱ्या दिवशी सुनावणी असली तर पुन्हा तोच प्रवास. न्यायालयात त्यांचा शब्द कान देऊन ऐकला जाई, पण त्या शहरात त्यांना पाठ टेकायला जागा नव्हती.

जानेवारी 1997 मध्ये हेच वकील त्या न्यायालयाचे प्रमुख, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे सरन्यायाधीश झाले. त्यांचे नाव न्यायमूर्ती इस्माईल मोहम्मद. त्या देशाच्या इतिहासातले ते पहिले बिगरगोरे सरन्यायाधीश.

नेल्सन मंडेला आपल्या घराघरांत माहीत आहेत. इस्माईल मोहम्मद हे नाव मात्र आमच्या फार थोड्या वाचकांनी ऐकले असेल. म्हणून या अंकात त्यांच्या कारकिर्दीची ओळख करून देत आहोत. त्याला आणखी एक कारण आहे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षात त्यांनी दिलेला एक निकाल एका मुस्लिम विधवेच्या निकाहविषयी होता. तो निकाल आपल्या प्रत्येक घराने समजून घ्यावा असा आहे.

प्रिटोरियातला मुलगा

इस्माईल मोहम्मद यांचा जन्म 5 जुलै 1931 रोजी प्रिटोरियात, भारतीय वंशाच्या एका व्यापारी मुस्लिम कुटुंबात झाला. प्रिटोरिया ही देशाची प्रशासकीय राजधानी. तिथल्या भारतीय मुलांसाठीच्या शाळेतून ते 1950 मध्ये मॅट्रिक झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1948 मध्ये, वर्णभेदाला सरकारी धोरण बनवणारा पक्ष सत्तेवर आला होता. गोरे, काळे, मिश्रवर्णीय आणि भारतीय अशा गटांत माणसे वाटली गेली. कोणी कुठे राहायचे, कुठे दुकान घालायचे, कोणत्या शाळेत शिकायचे, कोणाशी लग्न करायचे, हे सारे त्या गटावरून ठरू लागले.

जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली, राज्यशास्त्राचा पुढचा अभ्यास केला आणि 1957 मध्ये कायद्याची पदवी मिळवली. आपल्या शहरात, प्रिटोरियात वकिली करावी म्हणून त्यांनी तिथल्या वकील संघटनेकडे अर्ज केला. संघटना फक्त गोऱ्यांसाठी होती. अर्ज नामंजूर झाला.

मग जोहान्सबर्गच्या वकील संघटनेने त्यांना सदस्य करून घेतले. सनद मिळाली, पण बसायला जागा मिळेना. ग्रुप एरियाज नावाच्या कायद्यानुसार शहराचा तो भाग गोऱ्यांसाठी राखीव होता, त्यामुळे वकिलांच्या इमारतीत भारतीय माणसाला स्वतःच्या नावाने खोली घेता येत नसे. एखादा गोरा सहकारी कोर्टात गेला की त्याच्या रिकाम्या खोलीत इस्माईल मोहम्मद आपल्या पक्षकाराशी बोलत. सहकारी परत आला की उठून दुसरी रिकामी खोली शोधत.

कोणाच्याही मनात कडवटपणा यावा असे हे दिवस होते. त्यांनी मात्र या दिवसांत कायद्याचा कीस काढण्याची सवय लावून घेतली. ग्रुप एरियाज कायद्याखाली घराबाहेर काढल्या जाणाऱ्या कुटुंबांची प्रकरणे त्यांच्याकडे येत. कायदा जुलमी होता, तरी तो शब्दांत लिहिलेला होता, आणि शब्दांत फट असते. ती फट शोधून एखादे घर, एखादे दुकान वाचवायचे, हे त्यांचे रोजचे काम झाले. 1974 मध्ये त्यांना ज्येष्ठ वकिलाचा दर्जा मिळाला. दक्षिण आफ्रिकेत हा मान मिळवणारे ते पहिले बिगरगोरे वकील होते.

परदेशात न्यायासनावर, घरी आरोपीच्या बाजूने

यानंतरचा काळ विलक्षण आहे. दक्षिण आफ्रिकेच्या शेजारी, किंबहुना तिच्या कुशीत वसलेले दोन छोटे स्वतंत्र देश आहेत, तेव्हा स्वाझीलँड म्हणून ओळखला जाणारा देश आणि लेसोथो. 1979 मध्ये स्वाझीलँडने त्यांना आपल्या अपील न्यायालयात न्यायाधीश म्हणून बोलावले. 1982 मध्ये लेसोथोनेही बोलावले आणि पुढे तिथल्या अपील न्यायालयाचे अध्यक्षपद दिले. म्हणजे सरहद्दीपलीकडे ते न्यायमूर्ती होते आणि सरहद्द ओलांडून आपल्या देशात परतले की मताचा अधिकार नसलेले, गोऱ्यांच्या वस्तीत घर घेऊ न शकणारे नागरिक.

याच काळात देशात वर्णभेदविरोधी चळवळ पेटली होती. 1983 मध्ये शेकडो संघटनांनी एकत्र येऊन युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट ही आघाडी उभी केली. सरकारने तिच्या सोळा पुढाऱ्यांवर देशद्रोहाचा खटला भरला. 1985 मध्ये पीटरमॅरिट्सबर्ग इथे तो चालला. आरोपींमध्ये अल्बर्टिना सिसुलू होत्या, आर्ची गुमेडे होते, भारतीय वंशाचे मेवा रामगोबिन, कासिम सलूजी, इसप जस्सात असे कार्यकर्ते होते. देशद्रोहाला फाशीपर्यंतची शिक्षा होती.

बचावाची धुरा इस्माईल मोहम्मद यांच्याकडे होती. सरकारची सारी भिस्त सभांमधल्या भाषणांच्या ध्वनिफिती आणि चित्रफितींवर, आणि 'क्रांतीचा तज्ज्ञ' म्हणून उभ्या केलेल्या एका विद्यापीठीय प्राध्यापकावर होती. आघाडीच्या भाषणांत हिंसक उठावाचा कट कसा दिसतो, हे त्याने सांगायचे होते. इस्माईल मोहम्मद यांनी त्याची उलटतपासणी सुरू केली. आवाज न चढवता एकेक प्रश्न विचारत त्यांनी या तज्ज्ञाला त्याच्याच विधानांवरून मागे यायला लावले. ध्वनिफिती खऱ्या आहेत हे आधी सरकारने सिद्ध करावे, हाही त्यांचा आग्रह होता आणि न्यायालयाने तो उचलून धरला. डिसेंबर 1985 मध्ये बारा जणांवरचे आरोप सरकारला मागे घ्यावे लागले. उरलेले चौघेही 1986 मध्ये सुटले.

तरुण वाचकांनी या खटल्याकडे नीट पाहावे. न्यायालय त्याच सरकारचे होते, कायदा त्याच सरकारचा होता, न्यायाधीश गोरे होते. तरीही पुराव्याचा कायदा बारकाईने जाणणाऱ्या वकिलाने सोळा माणसांना सोडवून आणले. घोषणांची जागा रस्त्यावर असते. कोर्टात अभ्यास लागतो.

छडीचा निकाल

21 मार्च 1990 रोजी नामिबिया हा शेजारचा देश दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातून मुक्त झाला. नव्या देशाने इस्माईल मोहम्मद यांना आपल्या सर्वोच्च न्यायालयात घेतले आणि 1992 मध्ये सरन्यायाधीश केले.

1991 मध्ये त्यांच्यासमोर एक प्रश्न आला होता. गुन्हेगाराला फटक्यांची शिक्षा देणे आणि सरकारी शाळेत मुलांना छडी मारणे नव्या राज्यघटनेत बसते काय? त्यांनी निकाल दिला की बसत नाही. सरकारच्या हातून माणसाच्या अंगावर दिलेला मार त्याची मानखंडना करतो आणि कोणालाही मानहानीकारक वागणूक देऊ नये अशी नामिबियाच्या घटनेची स्पष्ट आज्ञा आहे. मूल वर्गातले असो वा गुन्हेगार तुरुंगातला असो, त्याची इज्जत त्याच्या चुकीमुळे संपत नाही, हा त्या निकालाचा आशय.

आपल्याकडे आजही 'छडी लागल्याशिवाय मूल सुधारत नाही' असे म्हणणारे आईबाप, मास्तर आणि मक्तबचे उस्ताद आहेत. चांगल्या हेतूनेच म्हणत असतील. पण ज्या देशाने पिढ्यान्पिढ्या चाबूक सोसला, त्या देशाच्या पहिल्या न्यायालयाने शाळेतली छडी बाजूला ठेवायला सांगितले, याचा विचार त्यांनी जरूर करावा.

नवा देश, नवी घटना

1991 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ग्रुप एरियाज कायदा रद्द झाला. त्याच वर्षी इस्माईल मोहम्मद ट्रान्सवाल प्रांताच्या उच्च न्यायासनावर बसले. देशातले ते पहिले बिगरगोरे कायम न्यायाधीश. या न्यायालयाचे मुख्य ठाणे प्रिटोरियात होते. चौतीस वर्षांपूर्वी तिथल्याच वकिलांनी त्यांचा अर्ज परत पाठवला होता.

वर्षअखेरीस, डिसेंबर 1991 मध्ये, सरकार, मंडेलांचा पक्ष आणि इतर पक्ष नव्या राज्यव्यवस्थेची बोलणी करायला एकत्र बसले. ही परिषद 'कोडेसा' या नावाने ओळखली जाते. तिचे अध्यक्षपद दोन न्यायाधीशांकडे मिळून होते. त्यांतले एक इस्माईल मोहम्मद.

27 एप्रिल 1994 रोजी सर्व वर्णांच्या लोकांनी प्रथमच मतदान केले. पुढच्या वर्षी अकरा न्यायाधीशांचे घटना न्यायालय जोहान्सबर्गमध्ये सुरू झाले. त्याचे अध्यक्ष ऑर्थर चास्काल्सन आणि थोड्याच काळात उपाध्यक्ष झाले इस्माईल मोहम्मद. या न्यायालयाने 6 जून 1995 रोजी एकमताने फाशीची शिक्षा रद्द केली. अकराही न्यायाधीशांनी आपापली कारणे स्वतंत्र लिहिली. इस्माईल मोहम्मद यांच्या निकालपत्राचा सूर असा, की नव्या घटनेने वर्णभेदाच्या निर्दय भूतकाळाशी नाते तोडले आहे आणि ज्या राज्याला प्रत्येक जिवाची किंमत पुन्हा प्रस्थापित करायची आहे, त्याने थंड डोक्याने ठरवून माणूस मारू नये.

सर्वांत अवघड निकाल

1996 साली त्यांच्यापुढे त्यांच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत जड प्रश्न आला.

वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांचे सत्य बाहेर यावे म्हणून सरकारने 'सत्य आणि समेट आयोग' नेमला. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. ज्याने राजकीय हेतूने गुन्हा केला आणि आयोगापुढे येऊन सारे सत्य सांगितले, त्याला माफी मिळण्याची तरतूद त्या कायद्यात होती. माफी मिळाली की त्याच्यावर फौजदारी खटला नाही आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही नाही.

याविरुद्ध काही कुटुंबे घटना न्यायालयात गेली. स्टीव्ह बिको 1977 मध्ये पोलिसांच्या कोठडीत झालेल्या जखमांनी मरण पावले होते. त्यांचे घरचे लोक त्यात होते. वकील ग्रिफिथ्स म्झेंगे यांचा 1981 मध्ये पोलिसांच्या टोळीने खून केला होता; त्यांचेही घरचे होते. डॉक्टर फेबियन रिबेरो आणि त्यांच्या पत्नीची 1986 मध्ये हत्या झाली होती. तेही कुटुंब होते. त्यांचा सवाल साधा होता. आमच्या माणसाच्या खुन्याला माफ करणारे तुम्ही कोण?

आपल्या वाचकांना हा सवाल लगेच भिडेल. इस्लामी फिकहमध्ये खुनाच्या गुन्ह्यात माफीचा हक्क मयताच्या वारसांकडे असतो. त्यांना न विचारता हाकिमाने खुनी सोडून द्यावा, हे आपल्या न्यायबुद्धीला पटत नाही. त्या कुटुंबांचे दुःख याच जागी होते.

25 जुलै 1996 रोजी निकाल लागला. न्यायालयाच्या वतीने तो इस्माईल मोहम्मद यांनी लिहिला. त्यांनी कुटुंबांचा हक्क किती मोठा आहे आणि माफीने तो किती खोलवर कापला जातो, हे आधी मान्य केले. कायद्याच्या आडोशाने त्यांचे दुःख लहान केले नाही. मग त्यांनी कारणे दिली. अत्याचार अंधारात झाले, पुरावे नष्ट झाले, साक्षीदार घाबरलेले. खटल्याची भीती राहिली तर गुन्हेगार तोंड उघडणार नाही आणि आपला मुलगा कसा मेला, कुठे पुरला, हे आईला कधीच कळणार नाही. दुसरे, माफीचे आश्वासन नसते तर सत्तेवरच्या लोकांनी सत्ता शांतपणे सोडली नसती. तिसरे, 1993 च्या अंतरिम घटनेच्या अखेरच्या भागातच माफी देण्याचे बंधन लिहिलेले होते. म्हणून कायदा घटनेला धरून आहे.

हा निकाल सगळ्यांना पटला नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याचा पुरेसा विचार झाला नाही, अशी टीका अनेक अभ्यासकांनी केली आणि ती आजही होते. पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. म्झेंगे यांच्या मारेकऱ्यांना 1997 मध्ये माफी मिळाली. बिको यांच्या प्रकरणातील पोलिसांना 1999 मध्ये आयोगाने माफी नाकारली, कारण त्यांनी पूर्ण सत्य सांगितले नव्हते. पण माफी नाकारूनही त्यांच्यावर खुनाचा खटला उभा राहिला नाही. कायद्याने दार उघडे ठेवले होते, त्यातून आत जाण्याचे काम सरकारने केले नाही.

आमच्या मते या निकालाचे मोल त्याच्या प्रामाणिकपणात आहे. ज्या माणसाने स्वतः वर्णभेद भोगला, त्याला संतापाने लिहिता आले असते. किंवा मोठ्या मनाचा आव आणून कुटुंबांना 'विसरा' असेही सांगता आले असते. त्यांनी दोन्ही टाळले. देशाने केलेल्या सौद्याची किंमत कोण मोजतो आहे, हे त्यांनी उघड लिहून ठेवले.

सरन्यायाधीशपद आणि टीका

1996 मध्ये सरन्यायाधीश मायकेल कॉर्बेट निवृत्त झाले. अपील न्यायालयातील अनेक न्यायाधीशांचा कल आपल्यातीलच एका ज्येष्ठ गोऱ्या न्यायमूर्तींकडे होता. राष्ट्राध्यक्ष मंडेला यांनी इस्माईल मोहम्मद यांना पसंती दिली. त्यावरून वृत्तपत्रांत बराच वाद झाला. अखेर न्यायिक सेवा आयोगाने इस्माईल मोहम्मद यांचीच शिफारस केली. जानेवारी 1997 पासून ते ब्लूमफॉन्टेनच्या न्यायालयाचे प्रमुख झाले. 1999 पर्यंत नामिबियाचे सरन्यायाधीशपदही त्यांच्याकडे होते, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ एकच माणूस दोन देशांचा सरन्यायाधीश होता.

त्यांच्यावर टीकेची वेळ लवकरच आली. ऑक्टोबर 1997 मध्ये सत्य आयोगाने न्यायव्यवस्थेच्या वर्णभेदातील भूमिकेवर सुनावणी ठेवली आणि न्यायाधीशांना बोलावले. ज्येष्ठ न्यायाधीशांनी लेखी निवेदने दिली, इस्माईल मोहम्मद यांचीही त्यात सही होती, पण न्यायाधीश जातीने हजर राहिले नाहीत. न्यायाधीशांना जबाब द्यायला बोलावणे हे न्यायालयाच्या स्वातंत्र्याला धक्का देणारे आहे, ही त्यांची बाजू. आयोगाने आपल्या अहवालात याबद्दल नाराजी नोंदवली. न्यायाधीशही हिशेब द्यायला बांधील असतात, हे आयोगाचे म्हणणे आम्हांला वजनदार वाटते. मोठ्या माणसाची ओळख करून देताना ही बाजू झाकण्याचे कारण नाही.

एका विधवेचा निकाह

आता त्या निकालाकडे वळू.

दक्षिण आफ्रिकेत मुसलमानांची वस्ती जुनी आहे. केपटाऊनमध्ये डचांनी मलाया-इंडोनेशियाकडून आणलेल्या गुलाम व कैद्यांचे वंशज आहेत. नाताल आणि ट्रान्सवालमध्ये गुजरातेतून गेलेले व्यापारी आहेत. आणि केपटाऊनमध्येच आपल्या रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरून गेलेली कोकणी मुस्लिम कुटुंबेही पिढ्यान्पिढ्या राहतात. या सर्वांचे निकाह मशिदीत, इमामांच्या हस्ते होत आले. पण देशाचा कायदा त्यांना लग्न मानत नव्हता.

हे दुखणे किती जुने, तर मार्च 1913 मध्ये केपच्या न्यायालयातील न्यायमूर्ती सर्ल यांनी भारतातून आलेल्या एका मुस्लिम पत्नीला लग्न मान्य नाही म्हणून प्रवेश नाकारण्याचा निकाल दिला. त्यावरून सारा भारतीय समाज पेटला, कस्तुरबा गांधी सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. 1914 च्या तडजोडीने थोडी वाट काढली. पण ज्या निकाहची सरकारदरबारी नोंद नाही, त्याचे दैन्य संपले नाही. कारण एकच सांगितले जाई: इस्लामी विवाहात दुसऱ्या बायकोची मुभा आहे, म्हणून तो सार्वजनिक नीतीविरुद्ध. प्रत्यक्षात नवऱ्याने एकच लग्न केलेले असले तरी फरक पडत नसे. 1983 मध्ये एका स्त्रीने थकलेली पोटगी, मेहर आणि आपले दागिने मागितले तेव्हाही ब्लूमफॉन्टेनच्या याच न्यायालयाने तिला याच कारणाने रिकाम्या हाती परत पाठवले होते.

अमोद खटल्यातील स्त्रीचा निकाह झाला होता. सरकारी नोंदणी झालेली नव्हती. जुलै 1993 मध्ये तिचा पती मोटार अपघातात मरण पावला. अपघातातील मयताच्या कुटुंबाला भरपाई देणारा सरकारी निधी होता. तिने दावा केला. निधीने उत्तर दिले की कायद्याने तुम्ही त्यांची पत्नी नव्हता. डर्बनच्या उच्च न्यायालयाने 1997 मध्ये निधीचेच म्हणणे मान्य केले. ती घटना न्यायालयात गेली, तर तिथून 1998 मध्ये सांगण्यात आले की आधी अपील न्यायालयात जा. स्त्री-पुरुष समानतेसाठी नेमलेला सरकारी आयोग तिच्या बाजूने उभा राहिला. अखेर प्रकरण सरन्यायाधीश इस्माईल मोहम्मद यांच्यासमोर आले.

29 सप्टेंबर 1999 रोजी त्यांनी निकाल दिला. त्यांची मांडणी साधी होती. पहिला प्रश्न, पत्नीला पोसण्याची जबाबदारी मयतावर होती काय? होती, निकाह झाला त्या क्षणापासून होती. दुसरा, ही जबाबदारी कशातून आली? समाजात मान्य असलेल्या धर्माच्या रीतीने, चारचौघांत, गांभीर्याने झालेल्या विवाहातून. तिसरा, अशा पत्नीच्या हक्काला कायद्याने संरक्षण द्यावे असे आजच्या समाजाच्या न्यायबुद्धीला वाटते काय? ख्रिस्ती पद्धतीने झालेल्या एकपत्नी विवाहातील विधवेला भरपाई द्यायची आणि तशाच एकपत्नी निकाहातील विधवेला केवळ धर्म वेगळा म्हणून नाकारायची, ही समानता असूच शकत नाही. समाजाची नवी दृष्टी 1994 च्या निवडणुकीने एका रात्रीत आली नाही, पती वारला त्या 1993 सालीही ती रुजलेली होती, असेही त्यांनी नमूद केले. विधवेला दाव्याचा हक्क मिळाला.

निकालाची मर्यादाही लक्षात घ्यावी. न्यायालयाने निकाहला सर्व कामांसाठी कायदेशीर विवाह ठरवले नाही. एकाहून अधिक पत्नी असतील तर काय, हा प्रश्न त्यांनी मोकळा ठेवला. समोर आलेल्या स्त्रीला न्याय देण्यासाठी जेवढे लागते, तेवढेच बोलले. पण त्या एका दरवाजातून पुढे बरेच निकाल आले. 2004 मध्ये घटना न्यायालयाने मुस्लिम विधवेला पतीच्या मालमत्तेत वारसा दिला. 2009 मध्ये एकाहून अधिक पत्नी असलेल्या घरातील विधवांनाही तो मिळाला. जून 2022 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की शरियतप्रमाणे झालेल्या विवाहांना विवाह आणि घटस्फोटाच्या कायद्यात स्थान न देणे घटनाबाह्य आहे. त्यानंतर 2024 मध्ये घटस्फोटाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि तलाकनंतर मुस्लिम स्त्री व मुलांच्या हक्कांची तरतूद झाली.

आपल्या घरांसाठी

अमोद निकालानंतर नऊ महिनेही झाले नव्हते. 17 जून 2000 रोजी कर्करोगाने न्या. इस्माईल मोहम्मद यांचे निधन झाले. वय 68. पदावर असतानाच ते गेले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

त्यांच्या चरित्रातून आम्हांला दोन गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्याशा वाटतात.

पहिली, निकाहच्या कागदाची. आपल्या देशात निकाह कायद्याने मान्य आहे, ही मोठी नेमत आहे. पण अपघात, विमा, निवृत्तिवेतन, वारसा या वेळी दफ्तरात पुरावा मागतात. निकाहनामा हरवलेला, नोंदणी केलेली नाही, मेहरची रक्कम कोणाला आठवत नाही, अशी घरे आपल्या मोहल्ल्यात थोडी नाहीत. लग्नाच्या मांडवावर लाखो रुपये खर्च करणाऱ्या बापाने नोंदणीसाठी एक दिवस काढावा. मुलीच्या हातात निकाहनाम्याची प्रत द्यावी. अमोद प्रकरणातील स्त्रीला तिचा हक्क मिळवायला सहा वर्षे कोर्टाचे उंबरठे झिजवावे लागले. आपल्या लेकीवर ती वेळ का आणावी?

दुसरी, मुलांच्या शिक्षणाची. डॉक्टर, इंजिनिअर, आखाती देशातली नोकरी, यापलीकडे आपल्या घरात फारसे बोलले जात नाही. वकिलीचा विषय निघाला तर 'तिथे आपले कोण ऐकतो' असे म्हणून तो मिटवला जातो. इस्माईल मोहम्मद यांनी वकिली सुरू केली तेव्हा त्यांच्यासाठी ना खोली होती, ना मताचा अधिकार, ना कोर्टाच्या शहरात एका रात्रीचा आसरा. त्यांनी चाळीस वर्षे कायद्याची पुस्तके उघडी ठेवली. ज्यांच्या घरात अन्यायाची तक्रार आहे, त्या घरातल्या एका तरी मुलाने किंवा मुलीने ती पुस्तके उघडावीत, आणि आईवडिलांनी तिला किंवा त्याला अडवू नये, एवढीच आमची विनंती.

अल्लाह मरहूमांची मगफिरत करो.